जरत्कारूने सांगितलेलं महाभारत: अरुण कोलटकरांचं ‘सर्प सत्र’ आणि महाकाव्याची परंपरा

आधुनिक कवी जेव्हा महाकाव्याकडे जातो, तेव्हा तो तिथून नेमकं काय घेऊन येतो, हा आपला आजचा प्रश्न आहे. याचं सोपं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: पात्रं घेतो, प्रसंग घेतो, नावं घेतो. कर्णावर कविता लिहितो, द्रौपदीवर लिहितो. पण एवढंच असेल तर महाकाव्य म्हणजे कच्च्या मालाचं कोठार झालं. लागेल तेवढं काढायचं आणि बाकीचं कुलूपबंद ठेवायचं.

आम्हाला वाटतं, खरा संबंध याहून खोल असू शकतो. कवी महाकाव्याची सांगण्याची रीतही घेऊ शकतो. कोण सांगतं, कुणाला सांगतं, कुठे बसून सांगतं आणि सांगितल्याने पुढे काय घडतं, या गोष्टी महाभारतात फार मोलाच्या आहेत. त्या ज्याने ओळखल्या, त्याला महाकाव्य नुसतं वापरावं लागत नाही. तो त्याच्या आत जाऊन उभा राहू शकतो. हे समजून घेण्यासाठी आज एकच कविता घेऊ: अरुण कोलटकरांची ‘सर्प सत्र’.

कविता कोणती, कधीची

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे, आयुष्य बरंचसं मुंबईत गेलं, पोटापाण्याचा व्यवसाय जाहिरात क्षेत्रातल्या ग्राफिक डिझाइनचा. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत त्यांनी सारख्याच जोराने कविता लिहिली. ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक १९७६चं. त्यानंतर बरीच वर्षं ते पुस्तकं काढण्याच्या बाबतीत जवळजवळ गप्प होते. मग आयुष्याच्या अगदी शेवटी एकामागून एक पुस्तकं आली. २००३ साली ‘भिजकी वही’ आली, तिला पुढे २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००४मध्ये ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्प सत्र’ ही दोन इंग्रजी पुस्तकं अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलटकर गेले.

‘भिजकी वही’त याच विषयावरची मराठी कविता आहे, ‘सर्प सत्र’ हे तिचं इंग्रजीतलं रूप. ‘भिजकी वही’ हे पुस्तकच मुळी शोक करणाऱ्या बायकांचं आहे. त्यात इजिप्तची आयसिस आहे, ट्रॉयची कॅसांड्रा आहे, तमिळ महाकाव्यातली कण्णगी आहे. अशा बायकांच्या रांगेत महाभारतातली एक नागकन्या येऊन बसते, हे लक्षात ठेवलं की पुढचं समजायला सोपं जाईल.

कवितेचे तीन भाग आहेत. पहिला छोटा, त्यात राजा जनमेजय बोलतो. दुसरा सगळ्यात मोठा, त्यात जरत्कारू आपल्या मुलाशी, आस्तीकाशी बोलते. तिसरा पुन्हा छोटा, तो यज्ञ संपल्यानंतरच्या अवभृथ स्नानाचा. बस्स, एवढीच रचना. पण ती का जमली, हे कळण्यासाठी आधी महाभारताची चौकट नीट पाहायला हवी.

महाभारत पहिल्यांदा कुठे सांगितलं गेलं?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण कुरुक्षेत्र म्हणतात, किंवा व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं ती गोष्ट आठवतात. पण ग्रंथाची स्वतःची साक्ष वेगळी आहे. नैमिषारण्यात शौनकाचं बारा वर्षांचं सत्र चालू आहे. तिथे उग्रश्रवा सौती येतो. ऋषी विचारतात, कुठून आलास? तो म्हणतो, जनमेजयाच्या सर्पसत्रात होतो. तिथे वैशंपायनाने व्यासांचं महाभारत सांगितलं, ते ऐकून आलो.

म्हणजे बघा. आपण जे महाभारत वाचतो, त्याचं पहिलं जाहीर पठण एका यज्ञात झालं. आणि तो यज्ञ होता सापांना मंत्राने ओढून आणून जिवंत जाळण्याचा. यज्ञकर्माच्या मधल्या मोकळ्या वेळात वैशंपायन कथा सांगतो, पुन्हा कर्म सुरू होतं, पुन्हा साप पडतात, पुन्हा कथा. खुद्द व्यास आपल्या मुलाशिष्यांसह त्या यज्ञात सदस्य म्हणून बसलेले आहेत. जगातल्या सगळ्यात मोठ्या काव्याला त्याच्या जन्मापासूनच जळण्याचा वास आहे. हे कुणा आधुनिक टीकाकाराने बाहेरून आणलेलं नाही, आदिपर्वात ते स्वच्छ लिहिलेलं आहे.

आता हा यज्ञ का होतो? जनमेजयाचा बाप परीक्षित. शिकारीच्या दमणुकीत त्याने मौनात बसलेल्या शमीक ऋषीच्या गळ्यात मेलेला साप टाकला. ऋषीच्या मुलाने, शृंगीने शाप दिला: सातव्या दिवशी तक्षक तुला दंश करील. तसंच झालं. तेव्हा जनमेजय लहान होता. पुढे राजा झाल्यावर उत्तंक नावाचा एक ब्राह्मण त्याच्याकडे आला. या उत्तंकाचं तक्षकाशी स्वतःचं भांडण होतं. त्याने गुरुपत्नीसाठी मिळवलेली कुंडलं तक्षकाने पळवली होती. उत्तंकाने राजाला भडकवलं, की तुझ्या बापाचा मारेकरी मोकळा फिरतोय आणि तू काय करतोयस? मग मंत्र्यांनी परीक्षिताच्या मृत्यूची सगळी कथा राजाला सांगितली, आणि राजाने सत्राची आज्ञा दिली.

इथे जरा थांबू. सूड आपोआप पेटलेला नाही. कुणीतरी येऊन गोष्ट सांगितली, म्हणून तो पेटला. आणि यज्ञ थांबला तोही कसा? आस्तीक नावाचा मुलगा यज्ञमंडपात आला, त्याने राजाची आणि यज्ञाची इतकी सुंदर स्तुती केली की राजा म्हणाला, वर माग. त्याने यज्ञ थांबवण्याचा वर मागितला. शब्दांनी पेटलेली आग शब्दांनीच थांबली. गोष्ट कोण कुणाला सांगतं यावर इथे माणसांचे आणि सापांचे जीव अवलंबून आहेत. कोलटकरांनी महाभारतातून जी मुख्य गोष्ट उचलली आहे, ती आमच्या मते ही आहे.

खांडववन: गोष्टीचा गाळलेला भाग

आता एक साधा प्रश्न. तक्षकाने परीक्षितालाच का मारलं? शापामुळे, हे एक उत्तर. पण त्याचं कुरुकुलाशी आधीचं वैर होतं का? होतं. ते कळायला आदिपर्वाच्या पार शेवटाला जावं लागतं.

तिथे खांडवदाहाची कथा आहे. अग्नीला तूप पिऊन पिऊन अजीर्ण झालेलं असतं. त्यावर उपाय म्हणून त्याला खांडववन खायचं असतं. पण त्या वनात तक्षक राहतो, तक्षक इंद्राचा मित्र, म्हणून इंद्र दर वेळी पाऊस पाडून आग विझवतो. मग अग्नी कृष्ण आणि अर्जुन यांच्याकडे येतो. त्यांना दिव्य शस्त्रं मिळतात: अर्जुनाला गांडीव धनुष्य आणि न संपणारे भाते, कृष्णाला चक्र. दोघे वनाच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि पळणारा प्रत्येक जीव मारून पुन्हा आगीत टाकतात. त्या दिवशी तक्षक तिथे नसतो, तो कुरुक्षेत्राला गेलेला असतो. त्याची बायको मात्र असते. ती आपल्या मुलाला, अश्वसेनाला वाचवण्यासाठी गिळते आणि आकाशात उडू पाहते. अर्जुन बाणाने तिचं डोकं उडवतो. इंद्राने वारा सोडून अर्जुनाला क्षणभर भुलवलं, तेवढ्यात अश्वसेन निसटतो. सगळ्या वनातून वाचतात ते फक्त सहा जण: अश्वसेन, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं.

अर्जुनाचा मुलगा अभिमन्यू, अभिमन्यूचा मुलगा परीक्षित, परीक्षिताचा मुलगा जनमेजय. म्हणजे जनमेजयाच्या पणजोबाने तक्षकाच्या बायकोला मारलं, घर जाळलं. तक्षकाने पणजोबाच्या नातवाला मारलं. आता पणतू सगळ्या सापांना मारायला निघाला आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. इरावतीबाई कर्व्यांनी १९६७च्या ‘युगान्त’मध्ये, मयसभेवरच्या लेखात, खांडवदाहाकडे अगदी सरळ नजरेने पाहिलं होतं. एवढा संहार कशासाठी केला, हा प्रश्न त्यांनी मानववंशशास्त्राच्या बाजूने विचारला. कोलटकरांच्या कवितेत तोच प्रश्न जळणाऱ्यांच्या नात्यातली एक बाई विचारते. त्यामुळे प्रश्नाचा सूरच बदलतो.

राजाने काय विचारलं, काय नाही

महाभारतातली एक बारीक जागा आम्हाला आज मुद्दाम दाखवायची आहे. वैशंपायन ही खांडवदाहाची कथा कुणाला सांगतोय? जनमेजयाला. कुठे? सर्पसत्रात. एका बाजूला कुंडात साप पडताहेत, आणि राजा आपल्या पणजोबाने साप जाळल्याची गोष्ट ऐकतो आहे.

यावर तो काय म्हणतो? तो एक प्रश्न विचारतो. तो म्हणतो, अश्वसेन का वाचला आणि मय का वाचला हे तुम्ही सांगितलंत. पण ती शार्ङ्गक पक्ष्याची पिल्लं का वाचली, ते सांगितलं नाहीत. मग वैशंपायन त्याला पिल्लांची लांबलचक कथा सांगतो.

राजाला कोण वाचलं आणि का वाचलं, याची उत्सुकता आहे. बाकीचे का मेले, हा प्रश्न त्याला पडत नाही. महाभारताने हे आपल्यापुढे मांडून ठेवलं आहे आणि त्यावर काही भाष्य केलेलं नाही. थोर ग्रंथांची ही रीतच असते. न विचारलेला प्रश्नही ते जपून ठेवतात, कधीतरी कुणीतरी विचारील म्हणून. तो प्रश्न विचारण्याचं काम कोलटकरांची जरत्कारू करते.

आईचं भाषण: मोजके श्लोक आणि लांब कविता

ही जरत्कारू कोण? नागराज वासुकीची बहीण. तिच्या नवऱ्याचंही नाव जरत्कारूच. तो भटका तपस्वी. पितरांच्या आग्रहाखातर त्याने लग्न केलं, पण आपल्याच नावाची मुलगी मिळाली तरच, अशी अट घातली होती. एका संध्याकाळी तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता. संध्येची वेळ चुकू नये म्हणून तिने उठवलं, तर तो चिडून कायमचा निघून गेला. त्यांचा मुलगा आस्तीक. बाप माणूस, आई नाग. दोन्हीकडचा असा हा एकच.

आता आदिपर्वातला प्रसंग पाहा. यज्ञ सुरू झाला, साप पडू लागले, वासुकीच्या अंगाचा दाह होऊ लागला. तो बहिणीला म्हणाला, आता तुझ्या मुलाला सांग. जरत्कारूने आस्तीकाला बोलावलं आणि त्याचा जन्म कशासाठी झाला ते सांगितलं. म्हणजे आई मुलाशी बोलते हा प्रसंग कोलटकरांनी रचलेला नाही, तो मुळात आहे. पण किती? मोजके श्लोक. आणि त्यात ती काय सांगते? कद्रूचा शाप सांगते. सापांची आई कद्रू, तिने सवतीशी पैज लावली होती. उच्चैःश्रव्याच्या शेपटीचा रंग काळा दिसावा म्हणून तिने मुलांना त्या शेपटीत केस होऊन बसायला सांगितलं. मुलांनी लबाडी करायला नकार दिला. तेव्हा तिने शाप दिला, की जनमेजयाच्या यज्ञात तुम्ही जळाल.

म्हणजे मूळ ग्रंथात मरणाचं कारण काय? शाप. तोही आपल्याच आईचा. खांडववनाचा तिच्या बोलण्यात उल्लेख नाही.

कोलटकरांनी हे मोजके श्लोक उघडले आणि त्यातून कवितेचा मोठा भाग काढला. त्यांची जरत्कारू मुलाला खांडववनाबद्दल सांगते, अर्जुनाने मारलेल्या त्या बाईबद्दल सांगते, तक्षकाच्या मनात वैर कुठून आलं ते सांगते. आदिपर्वाच्या एका टोकाला असलेली घटना आणि दुसऱ्या टोकाला असलेला यज्ञ ती एका श्वासात जोडून दाखवते. यात कवीने महाभारताला विरोध केला, असं आम्हाला म्हणवत नाही. पुरावे सगळे महाभारताचेच आहेत. ग्रंथाने ते लांब लांब ठेवले होते, कवीने जवळ आणले. आणि ते जवळ आणण्यासाठी त्याने ग्रंथाचीच रीत वापरली: कुणीतरी कुणालातरी, विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट गरजेपोटी गोष्ट सांगतं.

मग जरा कल्पना करा. एकाच वेळी दोन महाभारतं सांगितली जाताहेत. यज्ञमंडपात वैशंपायन राजाला सांगतो आहे. ते राजाच्या पूर्वजांचं महाभारत. आणि तिकडे नागलोकात एक आई मुलाला सांगते आहे. ते जळणाऱ्यांचं महाभारत. पहिलं ऐकणाऱ्याला फक्त ऐकायचं आहे. दुसरं ऐकणाऱ्याला उठून जायचं आहे आणि काहीतरी करायचं आहे.

कवीने स्वतःचं काय घातलं

सगळंच काही ग्रंथातलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. खांडववनात कोण कोण जळलं याची यादी महाभारतात आहे: पशू, पक्षी, नाग, दानव, राक्षस, तळ्यातले मासे. कोलटकरांनी ती यादी वाढवली. त्यांच्या वनात नुसते प्राणी नाहीत, कुठेही पुन्हा न सापडणाऱ्या वनस्पती आहेत, आणि माणसंही आहेत. साधी, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली माणसं. ती गेली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाषा गेली, गाणी गेली, आजार बरे करण्याच्या त्यांच्या विद्या गेल्या.

भाषा जळण्याचा हा विचार महाभारताच्या काळातला नाही, आपल्या काळातला आहे. आदिवासींची गावं उठवली जातात, जंगलं तुटतात, बोली बोलणारा शेवटचा माणूस मरतो, या बातम्या ज्याने वाचल्या आहेत त्यालाच तो सुचेल. तरी तो कवितेत उपरा वाटत नाही, कारण यादी करणं ही महाकाव्याचीच सवय आहे. महाभारतात नागांच्या नावांच्या याद्या आहेत. यज्ञात कोणत्या कुळातले कोण जळाले याचीही यादी आहे. कवीने यादीची जुनी चाल घेतली आणि तिच्यात आपल्या काळाची नावं भरली.

दुसरी गोष्ट हेतूची. महाभारत म्हणतं, अग्नीचं अजीर्ण बरं करायचं होतं. जरत्कारूला हे कारण पटत नाही. मग कशासाठी, याचे ती अंदाज करते, आणि त्यातला एक असा: नवी शस्त्रं मिळाली होती, ती चालवून पाहायची होती. आता परत कथा आठवा. गांडीव आणि चक्र याच प्रसंगी हाती आलेले आहेत. म्हणजे तिचा अंदाज हवेतला नाही. विसाव्या शतकात ज्यांनी शस्त्रास्त्रांच्या चाचण्यांबद्दल वाचलंय, त्यांना तो कळायला वेळ लागणार नाही.

पण हे कृष्णार्जुनांवर अन्याय करणं नाही का?

असा प्रश्न या विषयावर बोलताना हमखास येतो, आणि तो रास्त आहे. खांडवदाह हे शेतीसाठी जंगल साफ करण्याचं रूपक असेल. अग्नीला दिलेलं वचन पाळणं हा क्षत्रियाचा धर्म असेल. आणि तक्षक तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? त्याने कुंडलं पळवली. परीक्षिताला वाचवायला निघालेल्या काश्यप ब्राह्मणाला पैसे देऊन वाटेतून परत पाठवलं. फळातली अळी होऊन राजवाड्यात शिरला. त्याला शिक्षा व्हायला नको, असं कोण म्हणेल?

आम्ही एवढंच म्हणू की कवितेला तक्षकाची वकिली करायचीच नाही. तिचा प्रश्न दुसरा आहे: एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या जातीला जाळायचं का? कवितेचा पहिला भाग याच प्रश्नासाठी आहे. तिथे राजाला एक साप पुरत नाही, त्याला सगळे हवे आहेत. गंमत म्हणजे महाभारतातही शेवटी जो एक गुन्हेगार आहे, तोच वाचतो. इंद्राच्या आसऱ्याला गेलेला तक्षक मंत्राने ओढला जातो, आता पडणार एवढ्यात आस्तीक वर मागतो आणि तो अधांतरीच राहतो. कुंडात गेले ते बाकीचे, ज्यांचा त्या खुनाशी संबंध नव्हता. सामूहिक सूडाचा हिशेब नेहमी असाच चुकतो, हे महाकाव्याला ठाऊक होतं.

आईची भाषा

आता थोडं भाषेबद्दल. महाभारताचा मुख्य छंद अनुष्टुभ, बत्तीस अक्षरांचा. सभेत मोठ्याने म्हणावा, दूरवर ऐकू जावा असा. मराठीत मुक्तेश्वराने भारत ओवीत आणलं, मोरोपंतांनी आर्येत आणलं. प्रत्येक वेळी कथेबरोबर आवाजही बदलला.

कोलटकरांच्या जरत्कारूचा आवाज घरातला आहे. ओळी छोट्या, वाक्यं बोलण्यातली, मध्येच टोमणा, मध्येच हताशपणा. ती आक्रोश करत नाही. थोरामोठ्यांची नावं ती अशी घेते, जशी घरातली बाई शेजारच्या मोठ्या वाड्यातल्यांची घेते: सगळं माहीत असलेली, कशानेच न दिपणारी. विद्वान, ऋषी, ऋत्विज या यज्ञाला बसलेच कसे, हा तिचा सल आहे. राजाला राग आला, ते एक वेळ समजू शकतं. पण ज्यांनी त्याला थांबवायचं, तेच मंत्र म्हणताहेत!

मराठी कानाला हा आवाज अनोळखी नाही. जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास आपल्याकडे बायकांनी शतकानुशतकं असाच गायला आहे. तिथे राम देव आहे हे मान्य असतं, आणि तरीही गरोदर बायकोला रानात सोडलं म्हणून त्याला बोल लावलेला असतो. त्यात कुणाला धर्म बुडाल्यासारखं वाटलं नाही. महाकाव्य सभेत एका आवाजात सांगितलं जातं आणि जात्यावर दुसऱ्या आवाजात. दोन्ही मिळून परंपरा होते. ‘सर्प सत्र’ पुस्तक म्हणून इंग्रजीत आहे, पण त्याचं नातं आम्हाला या जात्यावरच्या आवाजाशी जवळचं वाटतं.

कोलटकरांचा विनोदही विसरू नका. त्याच वर्षीच्या ‘काळा घोडा पोएम्स’मधल्या पहिल्याच कवितेत मुंबईचा एक रस्त्यावरचा कुत्रा आपली वंशावळ सांगतो. एका बाजूने तो साहेबाने विलायतेहून आणवलेल्या शिकारी कुत्र्यांपैकी एकाचा वंशज, आणि दुसऱ्या बाजूने थेट युधिष्ठिराबरोबर हिमालय चढलेल्या कुत्र्याचा! महाभारताची सुरुवातसुद्धा, लक्षात घ्या, एका कुत्रीच्या तक्रारीने होते. जनमेजयाच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला विनाकारण मारलं, म्हणून तिने राजाला जाब विचारला. लहान जिवांचं गाऱ्हाणं राजाच्या दारापर्यंत नेणं हे महाकाव्याचं पहिल्या पानापासूनचं काम आहे.

आग विझते का?

आता शेवट. महाभारतात यज्ञ थांबतो, राजा सगळ्यांना दक्षिणा देतो, अवभृथ स्नान होतं. संतुष्ट झालेले नाग आस्तीकाला वर देतात, की जो तुझं आख्यान म्हणेल त्याला आमच्यापासून भय नाही. मंगल शेवट आहे.

कोलटकर या मंगल स्नानापाशी थांबतात. त्यांच्या तिसऱ्या भागात लोक घरी जातात, पुन्हा साध्यासुध्या सुखांना लागतात, बोलायला दुसरे विषय मिळतात. सगळं पूर्ववत झाल्यासारखं वाटतं. पण कविता आपल्याला बजावते, की फसू नका. द्वेषाचे उत्सव संपतात, त्यासाठी पेटवलेली आग मात्र विझत नसते.

हा निराशेचा शेवट कवीच्या पदरचा वाटेल. पण पुन्हा आदिपर्वच उघडा. व्यासांचे वडील पराशर, त्यांच्या बापाला राक्षसाने मारलं होतं, म्हणून त्यांनीही राक्षससत्र आरंभलं होतं. पुलस्त्यादी ऋषींनी ते थांबवलं. पण त्या यज्ञाचा अग्नी विझवला नाही. तो हिमालयाच्या उत्तरेच्या अरण्यात टाकला, आणि तिथे तो पर्वकाळी अजूनही राक्षस, झाडं आणि दगड खाताना दिसतो, असं ग्रंथ सांगतो. और्वाचा क्रोधाग्नी असाच समुद्रात टाकला गेला, तो वडवानल. सूडाची आग कुठेतरी ठेवावी लागते, ती नाहीशी होत नाही, हे महाभारताचंच निरीक्षण आहे.

‘भिजकी वही’ आणि ‘सर्प सत्र’ २००३-०४ मध्ये वाचकांच्या हाती आली, तेव्हा देशात आणि जगात सामूहिक सूडाच्या बातम्या ताज्या होत्या. कविता त्यातल्या कशाचंही नाव घेत नाही, म्हणून ती जुनीही होत नाही.

जाता जाता आपल्या घरातलीच एक गोष्ट. श्रावणातली नागपंचमीची कहाणी. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने नागिणीची पिल्लं मेली. नागिणीने सूड म्हणून त्याचं सगळं घर संपवलं, आणि सासरी असलेल्या लेकीला मारायला निघाली. तिथे पाहते तो लेकीने पाटावर नागाचं चित्र काढलेलं, दुधालाह्यांचा नैवेद्य दाखवलेला. नागीण निवली, तिने अमृत दिलं, माहेरची माणसं उठली. त्या दिवशी नांगर धरू नये, काही चिरू नये, हा नेम त्यातूनच आला. आस्तीकाचं आख्यान, ही कहाणी आणि कोलटकरांची कविता, तिन्हींचा प्रश्न एक: मेलेल्या पिल्लापासून सुरू झालेली साखळी तोडायची कुणी? कहाणीत लेक तोडते, महाभारतात दोन्हीकडचा मुलगा तोडतो. कवितेत आई मुलाला आधी सगळं खरं सांगते, मगच पाठवते. आपलं कुणी जळलं म्हणून तू दुसरं काही जाळू नकोस, उलट जाऊन ते थांबव, हे सांगायला जळण्याची पूर्ण हकिकत आधी माहीत असावी लागते.

म्हणून आमची विनंती एवढीच. ‘सर्प सत्र’ वाचा, पण शेजारी आदिपर्व उघडं ठेवा. आस्तीकपर्व आणि खांडवदाहपर्व एका बैठकीत वाचा. आणि जनमेजयाने विचारलेल्या त्या पिल्लांच्या प्रश्नापाशी पोचलात, की क्षणभर थांबा. तिथे कोणता प्रश्न विचारायचा राहून गेलाय, ते आता तुम्हाला माहीत आहे.